तीर्थजलाचे रक्षण : आगंतुक वनस्पती, परके मासे आणि पाण्याचे नियोजन



देवस्थानांच्या संकेतस्थळावर साधारणपणे उत्सव, पूजा-अर्चा, देणग्या आणि दर्शनाच्या वेळा यांविषयीची माहिती दिली जाते. आज आम्ही थोड्या वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थच पाण्याचा उतार किंवा घाट असा आहे. जेथे पाणी तेथे तीर्थ, आणि जेथे तीर्थ तेथे देवालय, हा आपल्याकडील जुना क्रम आहे. असे असताना देवळाची डागडुजी आपण नियमाने करतो, कळसाला रंग देतो. परंतु ज्या पाण्यामुळे त्या स्थानाला तीर्थत्व आले, त्या पाण्यात आज काय चालले आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या लेखाचा उद्देश ती चौकशी करणे हा आहे. काही ठिकाणी आमचे म्हणणे रूढ समजुतींच्या विरुद्ध जाईल. त्याबद्दल भाविकांनी राग न धरता शांतपणे विचार करावा, ही प्रारंभीच विनंती.

आपले पाणी कोठे जाते?

गुडीहत्नूर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरील आणि उटनूरकडे जाणाऱ्या फाट्यावरील गाव. येथे तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर भागातील नाले-ओढे पैनगंगेला मिळतात. ही नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते, महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यामधील सीमा बनून वाहते आणि पुढे वर्धा नदीत विलीन होते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. दक्षिणेकडील पाणी कडेम नदीवाटे, कुंतालाच्या धबधब्यावरून उतरत, थेट गोदावरीकडे जाते. प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम कालेश्वरम येथे होतो, जेथे एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. म्हणजे आपल्या परिसरात उत्तरेकडे सांडलेला तांब्याभर पाण्याचा थेंब असो वा दक्षिणेकडे सांडलेला, अखेरीस तो गोदामाईच्याच ओटीत जातो.

याच उटनूर रस्त्यावर इंद्रवेल्लीजवळ केसलापूरचे नागोबा देवस्थान आहे. पुष्य अमावास्येच्या जत्रेसाठी मेश्राम कुळातील गोंड बांधव अनवाणी पायी चालत जाऊन जन्नारमजवळील गोदावरीच्या डोहातून कलशात पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. घरच्या विहिरीत पाणी असतानाही इतक्या दूरचे पाणी का आणावयाचे? कारण त्या डोहाचे पाणी जिवंत आणि पवित्र मानले गेले आहे. ते पाणी जिवंत राहिले तरच या परंपरेला अर्थ राहील.

गोड्या पाण्याचे जग किती लहान, किती समृद्ध

पृथ्वीच्या पृष्ठभागापैकी नद्या, तलाव आणि पाणथळ जागा यांनी व्यापलेला भाग सुमारे एक टक्का एवढाच आहे. परंतु ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे दहा टक्के जाती एवढ्या लहान जागेत राहतात. या जगाची आजची अवस्था चिंताजनक आहे. जागतिक वन्यजीव निधीच्या २०२४ च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या गोड्या पाण्यातील प्राणिसमूहांच्या आकारमानात १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत सरासरी ८५ टक्के घट झाली. जमिनीवरील व समुद्रातील प्राण्यांपेक्षा ही घट अधिक आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने गोड्या पाण्यातील मासे, चतुर, खेकडे, झिंगे यांच्या जातींपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे दाखविले.

याची कारणे अनेक आहेत. सांडपाणी, शेतातील खते व कीटकनाशके, वाळूचा उपसा, धरणांमुळे बदललेला प्रवाह, आणि बाहेरून आलेल्या वनस्पती व प्राणी. यांपैकी शेवटचे कारण सामान्य माणसाच्या लक्षात सर्वांत उशिरा येते, कारण हिरवेगार पान किंवा पोहणारा मासा पाहून कोणाला संकटाची शंका येत नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अशा जैवविविधतेच्या आंतरशासकीय मंचाने सप्टेंबर २०२३ मध्ये यावर विस्तृत अहवाल दिला. माणसाने जगभरात सुमारे ३७ हजार जाती त्यांच्या मूळ प्रदेशाबाहेर नेल्या. त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक घातक ठरल्या. आणि नोंद झालेल्या जातिनाशांपैकी ६० टक्के प्रकरणांत या आगंतुकांचा वाटा होता, असे त्यात नमूद आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट वाईट नसते. मिरची, बटाटा, पेरू ही सर्व बाहेरचीच. ती आज आपल्या नैवेद्याच्या ताटातही आहेत. जी जात नव्या ठिकाणी माणसाच्या आटोक्याबाहेर पसरते आणि तेथील मूळच्या जीवांची जागा व अन्न बळकावते, तिलाच आक्रमक म्हणावयाचे.

जलपर्णी आणि बेशरम

जलपर्णी सर्वांच्या परिचयाची आहे. आपल्याकडील तेलुगू बांधव तिला ‘गुर्रपु डेक्क’ म्हणजे घोड्याचे खूर म्हणतात, कारण तिची पाने तशीच दिसतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालमध्ये आली आणि थोड्याच दशकांत तेथील नद्या, खाड्या व भातशेती तिने व्यापून टाकली. अखेरीस १९३६ मध्ये तेथील शासनाला केवळ जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

तिच्या वाढीचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. अनुकूल हवामानात आणि घाण पाण्यात तिचे क्षेत्र सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, सोळा गुंठ्यांचे एक तळे आहे आणि त्यात आज एक गुंठा जलपर्णी आहे. दोन आठवड्यांनी दोन गुंठे, चार आठवड्यांनी चार, सहा आठवड्यांनी आठ. त्या दिवशीही पाहणारा म्हणेल की अर्धे तळे तर मोकळे आहे, पुढच्या महिन्यात पाहू. परंतु आठव्या आठवड्यात संपूर्ण तळे झाकलेले असेल. जलपर्णीच्या बाबतीत दिरंगाई महाग पडते ती याच कारणाने. शिवाय तिचे बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. म्हणून एकदा काढली की काम संपले असे होत नाही.

ती पाण्यावर दाट गालिचा पसरते तेव्हा सूर्यप्रकाश आत जात नाही. पाण्यात बुडून वाढणाऱ्या देशी वनस्पती मरतात. हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा होतो. खाली पडलेली पाने कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे तळ्यातील पाणी मोकळ्या तळ्यापेक्षा लवकर घटते. डासांना तर आश्रयच मिळतो. नाशिक येथील गोदावरी, पुणे जिल्ह्यातील पवना आणि इंद्रायणी, कोल्हापूरचा रंकाळा या सर्व ठिकाणी तेथील नागरिकांनी व नगर प्रशासनांनी हा त्रास सोसला आहे. या सर्व ठिकाणांत एक साम्य आहे : तेथे शहराचे सांडपाणी पाण्यात मिसळते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खाद्य. ते खाद्य चालू ठेवून वरची पाने काढीत राहणे म्हणजे भोक बुजविल्याशिवाय रांजण भरण्यासारखे आहे.

जलपर्णीवर उपाय म्हणून तिचीच पाने खाणारे विशिष्ट भुंगे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने परीक्षणानंतर भारतात आणले. काही तलावांत त्यांचा चांगला उपयोग झाला. परंतु ते सावकाश काम करतात. तणनाशक फवारणे हा उपाय मात्र आम्ही कोणत्याही देवस्थानास सुचविणार नाही, कारण मेलेली सर्व पाने एकदम तळाशी कुजतात आणि ते पाणी माणसे व गुरे दोघेही वापरतात.

दुसरी वनस्पती बेशरम. हिचे नावच तिचा स्वभाव सांगते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही फिकट जांभळ्या फुलांची झुडपे तलावाच्या काठावर व कालव्यांच्या कडेला दाट वाढतात. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, कारण ती विषारी आहे. तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली तरी तिला मुळे फुटतात. कुंपणासाठी म्हणून लोकांनी ती हौसेने लावली; तिने तलावाचा उथळ काठ गिळला. आणि उथळ काठ म्हणजे माशांची अंडी घालण्याची व पिलांची वाढण्याची जागा, हे विसरून चालणार नाही.

पाण्याखालचे पाहुणे

माशांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यात अनेक कुटुंबांची उपजीविका गुंतलेली आहे. तिलापिया हा आफ्रिकेतील मोझांबिककडील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो कोणत्याही पाण्यात तगतो, वर्षातून अनेकदा विणतो आणि पिले तोंडात ठेवून सांभाळतो. त्यामुळे त्याची संख्या भराभर वाढते. भीमा नदीवरील उजनी जलाशयात मच्छीमार त्याला ‘चिलापी’ म्हणतात. तेथील जाळ्यांत आज हाच मासा मोठ्या प्रमाणात येतो आणि पूर्वीचे अनेक देशी मासे दुर्मिळ झाले आहेत.

थाई मागूर या नावाने विकला जाणारा मासा प्रत्यक्षात आफ्रिकेतील आहे. तो हवेतील प्राणवायू घेऊ शकतो, ओल्या जमिनीवरून सरपटत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो आणि समोर येईल तो जीव खातो. केंद्र शासनाने २००० मध्ये त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही ती कायम ठेवली आणि महाराष्ट्रात अशी अनेक अवैध तळी नष्ट करण्यात आली. आपल्या देशी मागूर माशाशी त्याचे केवळ नाव जुळते.

घरातील काचेच्या टाकीची काच स्वच्छ ठेवतो म्हणून आणलेला सकर मासाही आज नद्या-जलाशयांत पोहोचला आहे. हाही दक्षिण अमेरिकेतील. त्याच्या अंगावर हाडांचे कवच असते. त्याने जाळी फाटतात, तो काठात बिळे करतो आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. आंध्रातील मच्छीमार त्याला ‘देय्यम चेप’ म्हणजे भूतमासा म्हणतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये आणलेला गांबुसिया मासा तर सार्वजनिक आरोग्याच्या चांगल्या हेतूने विहिरींत सोडला गेला. परंतु तो डासांच्या अळ्यांइतक्याच आवडीने बेडकांची पिले आणि देशी माशांची अंडीही खातो, आणि बेडूक व देशी लहान मासे हेच मुळात डासांचे शत्रू असतात. जलपर्णी, मोझांबिकचा तिलापिया आणि गांबुसिया या तिघांचाही समावेश जगातील शंभर अत्यंत घातक आगंतुक जातींच्या प्रसिद्ध यादीत आहे.

जगातील सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचे. तेथे १९५० च्या दशकात मासेमारी वाढावी म्हणून नाईल पर्च नावाचा मोठा मासा सोडण्यात आला. पुढील काही दशकांत, त्या सरोवराखेरीज जगात कोठेही नसलेल्या लहान माशांच्या सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. सोडलेला मासा परत बोलावता येत नाही, हा त्यातील धडा.

सोडलेला जीव आणि मिळणारे पुण्य

येथे आम्ही भाविकांच्या श्रद्धेशी संबंधित विषयाला हात घालीत आहोत. अनेक देवस्थानांच्या कुंडांत व पुष्करिणींत भाविक मासे किंवा कासवे आणून सोडतात. मृत्यूपासून एका जीवाची सुटका करावी, हा त्यामागील भाव निःसंशय उदात्त आहे. परंतु बाजारात मिळणारे लहान, हिरवे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले कासव हे उत्तर अमेरिकेतील असते. पिलू असताना ते नाण्याएवढे गोंडस दिसते. मोठे झाले की घरात नकोसे होते, आणि मग ‘देवाच्या तळ्यात सोडू’ असा सोपा मार्ग निघतो. तेच कासव त्या तळ्यातील देशी कासवांची ऊन घेण्याची जागा आणि अन्न हिरावून घेते व त्यांना रोग देण्याची शक्यताही असते. टाकीतील माशांचेही तसेच.

एका जीवाला अभय देताना त्याच पाण्यातील शेकडो जीवांचे अन्न आपण काढून घेत असू, तर त्यास जीवदान म्हणावे काय? दानाचे मोल देणाऱ्याच्या भावावरून ठरते हे खरे. परंतु शास्त्रकारांनी दानात देश, काल आणि पात्र यांचा विचार सांगितला आहे. अयोग्य स्थळी सोडलेला जीव हे अपात्री दानच होय. ज्यांना जीवदया करावयाची आहे त्यांनी तळ्यात नवा जीव न सोडता तेथे असलेल्या जीवांना जगू द्यावे, हे आमच्या मते अधिक पुण्यप्रद आहे.

याच संदर्भात निर्माल्य आणि माशांना घातले जाणारे खाद्य यांचाही विचार करावा लागतो. फुले, हार, मुरमुरे, पाव, कणकेचे गोळे हे सर्व लहान कुंडात कुजते. कुजण्याच्या क्रियेला प्राणवायू लागतो. शिवाय त्यातून सुटलेल्या पोषक द्रव्यांवर हिरवे शेवाळ माजते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री स्वतःच तो वापरते. त्यामुळे पहाटेच्या वेळी कुंडातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. काकड आरतीच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून श्वास घेताना दिसतात आणि एखाद्या ढगाळ दिवसानंतर सकाळी मेलेले आढळतात. अशा वेळी कोणीतरी विष घातले असा बोभाटा होतो. बहुतेक वेळा ते विष नसते. आपण प्रेमाने टाकलेले खाद्य व फुलेच कारणीभूत असतात.

पाण्याचे नियोजन आणि नदीचा श्वास

केवळ आगंतुकांना दोष देऊन भागणार नाही. निरोगी घरात आगंतुक सहज शिरत नाही. दुबळ्या घरात शिरतो. नद्या दुबळ्या झाल्या त्या पाण्याच्या नियोजनात नदीचा स्वतःचा वाटा ठेवला गेला नाही म्हणून.

त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते. १९०७ ते १९११ या काळात निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. त्यामागे साचलेल्या गाळात दलदल तयार होऊन पक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान निर्माण झाले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झाले. पुढे पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. नांदेडजवळ विष्णुपुरी, सीमेवर बाभळी, आणि बासरच्या श्री सरस्वतीच्या स्थानाखाली पोचम्पाडचे श्रीराम सागर, ज्याची पायाभरणी १९६३ मध्ये झाली. या धरणांनी लाखो एकर शेती भिजविली, शहरांना पिण्याचे पाणी दिले. त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रत्येक भिंतीबरोबर वाहत्या नदीचा एक भाग स्थिर जलाशय झाला आणि त्याखालचा भाग उन्हाळ्यात कोरडा पडू लागला.

मूळच्या देशी माशांची जीवनरीत वाहत्या पाण्याशी बांधलेली आहे. पहिल्या पुराबरोबर ते प्रवाहाविरुद्ध चढतात, काठच्या उथळ पाण्यात अंडी घालतात आणि उन्हाळ्यात खोल डोहांत आश्रय घेतात. भिंतीने चढण्याची वाट अडते, दरवाजे बंद असल्यास पूर येत नाही आणि वाळूच्या उपशाने डोह नाहीसे होतात. गोदावरीच्या मुखाकडून वर येणारा, आंध्रात ‘पुलस’ म्हणून प्रसिद्ध असलेला मासा घ्या. १८५२ मध्ये पूर्ण झालेल्या धवलेश्वरमच्या बंधाऱ्याने त्याची वरची वाट अडवली. स्थिर, कोमट व गढूळ पाणी देशी माशांना मानवत नाही. तिलापियाला मात्र ते मानवते. अशा रीतीने आपण बांधलेल्या भिंतीच परक्या जातींना घर तयार करून देतात. एका खोऱ्याचे पाणी कालव्याने किंवा उपसा योजनेने दुसऱ्या खोऱ्यात नेताना त्याबरोबर अंडी, बिया आणि पिले जातात, याचाही विचार व्हावयास हवा.

बाभळीचा वाद आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय देऊन १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावेत आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे, असे ठरवून दिले. पैनगंगेवरील चनाका-कोरटा बंधाऱ्यासह काही प्रकल्पांबाबत दोन्ही राज्यांनी २३ ऑगस्ट २०१६ रोजी करार केला. या निर्णयांत व करारांत दोन राज्यांच्या शेतकऱ्यांचा वाटा मोजला गेला, आणि तो मोजणे आवश्यकच होते. नदीचा वाटा मोजण्याची पद्धत मात्र आपल्याकडे अजून रुजावयाची आहे. तरीही पावसाळ्यात दरवाजे उघडे ठेवण्याच्या नियमातून एक गोष्ट दिसते : तारीख ठरवून दरवाजे उघडता येतात. मग माशांच्या चढणीच्या दिवसांचाही विचार करून ते उघडता येतील.

तेलंगण शासनाने २०१५ मध्ये ‘मिशन काकतीय’ या नावाने सुमारे ४६ हजार तलावांच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि २०१६ पासून तलावांत मत्स्यबीज सोडण्याची योजना आणली. गाळ निघाला, शेतात गेला, मुदिराज, गंगपुत्र आदी समाजांच्या हाती मासे आले, हे चांगलेच झाले. मात्र गाळ काढताना तळाचा खोल भाग व काठचा उथळ भाग दोन्ही राखणे, आणि मत्स्यबीज सोडताना देशी माशांना जागा ठेवणे, ही पुढची पायरी आहे.

गोंदियाच्या तलावांनी दाखविलेली वाट

ही पायरी चढून दाखविणारे लोक आपल्यापासून फार दूर नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. यांपैकी अनेक कोहळी समाजाने बांधले. नवेगाव बांध हा कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा सांगते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गावाचा त्यांच्याशी असलेला देखभालीचा संबंध तुटला. काठावर बेशरम माजली, तळ गाळाने भरला, बाहेरचे मासे सोडले गेले, देशी मासे घटले.

श्री. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी तेथील ढीवर मच्छीमारांना बरोबर घेऊन प्रथम अभ्यास केला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधाराने राहतो, कोठे अंडी घालतो, हे ज्ञान ढीवर बांधवांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. अर्जुनी मोरगाव परिसरातील तलावांत बेशरम मुळासकट काढण्यात आली, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरणी झाली, आणि पाण्यात बुडून वाढणाऱ्या, तरंगणाऱ्या व काठाने उगवणाऱ्या देशी वनस्पती हाताने लावण्यात आल्या. या कामात ढीवर महिलांनी पुढाकार घेतला. वनस्पती परतल्या तेव्हा देशी मासे परतले, पक्षी परतले आणि मच्छीमारांचे उत्पन्नही वाढले. येथे मासा सोडण्याआधी माशाचे घर बांधले गेले. यश आले ते यामुळे.

देवाचे मासे

देवस्थानांनी पाणी राखल्याची उदाहरणे आपल्या परंपरेतही आहेत. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड हा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान. त्या डोहातील महसीर मासे देवीचे मानले जातात आणि कोणीही ते पकडीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथील शिवमंदिराजवळही असेच महसीर राखले गेले आहेत. कर्नाटकात शृंगेरीच्या मठाजवळ तुंगेतील मासे सर्वांनी पाहिले असतील. कोणत्याही सरकारी आदेशाशिवाय, केवळ ‘हे देवाचे आहे’ या एका वाक्याने नदीचा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिला. देवस्थानांकडे ही शक्ती आहे. कायद्याचीही जोड आहे : वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींची आयात, विक्री व प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला. परंतु प्रत्येक कुंडाच्या काठी अधिकारी उभा राहू शकत नाही. तेथे भाविकच असतो.

भाविकांना व सभासदांना नम्र विनंती

१. कुंडात, विहिरीत, तलावात किंवा नदीत मासे, कासवे अथवा अन्य कोणताही जीव सोडू नये. घरच्या टाकीतील मासे नकोसे झाल्यास ते विकणाऱ्याकडे अथवा पाळणाऱ्या परिचितांकडे द्यावेत.

२. निर्माल्य पाण्यात न टाकता ठरवून दिलेल्या ठिकाणी ठेवावे. त्याचे खत करून ते देवस्थानच्या झाडांना घालता येते.

३. माशांना पाव, मुरमुरे, कणीक घालू नये. नैवेद्य गाईला किंवा गरजू माणसास द्यावा.

४. जलपर्णी शोभेसाठी आणू नये. तिचे एक रोप दिसले तरी लगेच, फूल येण्यापूर्वी काढावे. काढलेली पाने काठावर ढीग करून ठेवू नयेत. पाण्यापासून दूर नेऊन वाळवावीत व खत करावे.

५. बेशरम तोडू नये, मुळासकट उपटावी. फांद्या ओल्या जमिनीत पडू देऊ नयेत.

६. गणपती व देवीच्या मूर्ती मातीच्याच घ्याव्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करण्यात आली होती. बतुकम्माची फुले लहान तळ्यात सोडल्यास दुसऱ्या दिवशी बाहेर काढावीत.

७. कापसावरील फवारणीचे पंप व औषधांचे रिकामे डबे ओढ्यात किंवा तलावात धुऊ नयेत. आपल्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे.

८. तलावाचा गाळ काढण्याची वेळ आल्यास गावातील जुन्या मच्छीमारांना प्रथम विचारावे. डोह कोठे होता आणि मासा कोठे विणतो, हे त्यांना ठाऊक असते.

समारोप

२०२७ हे सिंहस्थाचे वर्ष. नाशिक-त्र्यंबकेश्वरी कुंभपर्व आणि आपल्या तेलुगू भागात गोदावरी पुष्करम्. लक्षावधी भाविक त्या पाण्यात स्नान करणार. ज्या नदीत बुडी मारल्याने आपण शुद्ध होतो अशी आपली श्रद्धा, त्या नदीला शुद्ध राखण्याचे ऋण आपल्यावर आहेच. ते ऋण फेडण्यासाठी नाशिकपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या गावचा ओढा, आपल्या देवळाचे कुंड आणि आपल्या शेताची कड येथूनच त्याचा प्रारंभ होतो, कारण आरंभी सांगितल्याप्रमाणे हे सर्व पाणी अखेर गोदावरीलाच मिळते.

वरील विनंत्यांबाबत कोणा भाविकास शंका असल्यास किंवा आपल्या परिसरातील जुने डोह, देशी मासे व तलावांविषयी माहिती असल्यास ती देवस्थानच्या कार्यालयात अवश्य कळवावी. वडीलधाऱ्या मंडळींकडील अशी माहिती लिहून ठेवणे, हेही आम्ही सेवाकार्यच मानतो.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
गुडीहत्नूर, जि. आदिलाबाद